लग्नपत्रिका : कोणाची आणि कोणास ?

मराठींत दरसाल जें जें छापलें जातें, त्यांत घरोघर पोंचणारें, घरांतील लहानथोर सर्वांनीं वाचलेलें, आणि तरीहि टीकाकारांच्या दृष्टीस सहसा न पडणारें लेखन कोणतें, असा प्रश्न कोणीं केला तर लग्नपत्रिका हेंच उत्तर द्यावें लागेल. कादंबरीस परीक्षक मिळतात, कवितेस मिळतात, पंचांगावरहि वाद घालणारे निघतात. पत्रिका मात्र हातीं आली कीं मिति पाहावयाची, कार्यालय कोठें तें पाहावयाचें आणि ती फडताळांत टाकावयाची. एवढ्यानें तिचें वाचन संपतें. आमच्या मतें ही उपेक्षा अस्थानीं आहे. गद्याच्या कोणत्याहि कृतीस टीकाकारानें जे तीन प्रश्न प्रथम विचारावयाचे, ते म्हणजे बोलतो कोण, कोणाशीं बोलतो, आणि काय बोलतो. हे तिन्ही प्रश्न पत्रिकेस विचारतां येतात, आणि त्यांच्या उत्तरांवरून आपल्या कुटुंबाविषयीं जें कळतें तें नेहमींच सुखावह असतें असें नाहीं.

हा विचार सुचण्यास निमित्त घडलें तें वैरागास. आमच्या दिवंगत चुलतबंधूंच्या मुलीचें लग्न वैशाखांत ठरलें होतें, म्हणून पाडवा झाल्यावर चैत्रांत आम्ही तेथें गेलों. आम्ही पेशानें प्राध्यापक; तेव्हां पत्रिकेचा मजकूर तपासण्याचें काम ओघानेंच आमच्याकडे आलें. त्या घराच्या माजघरांत खुंटीस एक तार टांगलेली आहे. पूर्वीं घरोघर अशा तारेस आलेलीं पत्रें टोंचून ठेवीत. मृत्यूची वार्ता सांगणारें कार्ड वाचून कोपरा फाडून टाकावयाचें, तें घरांत ठेवावयाचें नाहीं. लग्नाची पत्रिका मात्र जपून ठेवावयाची, अशी रीति. त्यामुळें त्या तारेवर तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका एकावर एक बसल्या आहेत. नव्या पत्रिकेचा मजकूर कसा असावा हें ठरविण्यासाठीं ती तार खालीं उतरली, आणि आम्हांस एक अनायासें जमलेला संग्रह वाचावयास मिळाला.

वैराग हें बार्शी तालुक्यांतलें बाजाराचें गांव, बार्शीहून सोलापुरास जाणाऱ्या रस्त्यावर वसलेलें. गांवचें दैवत संतनाथ. पूर्वेस थोडें गेलें कीं धाराशिव जिल्हा लागतो. आज ती केवळ जिल्ह्याची हद्द आहे. परंतु १९४८ पर्यंत ती दोन राज्यांची हद्द होती. इकडे मुंबई इलाखा, तिकडे निजामाचें राज्य. आणि त्या राज्याचीं टपालाचीं तिकिटेंहि निराळीं. सोयरिकी मात्र हद्द पाहून होत नसत. मुलगी वैरागची, जांवई तुळजापूरकडचा, मामा बार्शीचा, असा कारभार. बार्शीस १८९७ सालीं छोटी आगगाडी आली. पुढें मोटारी आल्या. नंतर कुटुंबें सोलापूर, पुणें, मुंबई आणि पुढें परदेशापर्यंत पांगलीं. जसजसें कुटुंब पांगलें तसतसें अक्षत घेऊन दाराशीं जाण्याचें काम कठीण होत गेलें, आणि तें काम पत्रिकेच्या अंगावर पडलें. पत्रिका ही पाय नसलेली अक्षत आहे, हें लक्षांत ठेवून तिचें परीक्षण केलें पाहिजे.

तारेवरील सर्वांत तळाची पत्रिका पातळ कागदाची, तांबड्या शाईनें छापलेली. माथ्यावर गणेशास वंदन, त्याखालीं तुळजाभवानी व संतनाथ प्रसन्न. आणि मग एकच वाक्य. 'आमचे येथें श्रीकृपेंकरून' असा आरंभ होऊन तें वाक्य अमुक यांचे नातू, अमुक यांचे द्वितीय चिरंजीव, अमुक यांची ज्येष्ठ कन्या अशीं वळणें घेत, मिति, वार, शके आणि मुहूर्त ओलांडून 'करण्याचें योजिलें आहे' या क्रियापदापाशीं थांबतें. जुळाऱ्यानें खिळे काटकसरीनें जुळविले आहेत. एक शब्द अधिक नाहीं. 'शरीरसंबंध' हा आज आपण लाजून टाकून दिलेला शब्द तेथें निःसंकोच उभा आहे. व्यवहाराच्या गद्याचा नमुना म्हणून या वाक्यास आम्ही पुष्कळ गुण देऊं.

परंतु व्याकरणाच्या वर्गांत मुलांस विचारतों तसा प्रश्न आम्हीं त्या वाक्यास विचारला, कीं यांत कर्ता कोण ? चमत्कार असा कीं, वधूवर हे कर्ते नाहींत. ते षष्ठी विभक्तीच्या लांब सांखळीस शेवटीं बांधलेले आहेत. 'योजिलें आहे' हा कर्मणि प्रयोग. योजणारा वाक्यांत नाहीं. त्याचें नांव खालीं उजव्या हातास, 'आपला स्नेहाकांक्षी' या शब्दांपुढें सांपडतें. तो घरांतील वडील पुरुष असतो. तो हयात नसेल तर त्याचा भाऊ, आणि भाऊ नसेल तर मुलगा. मुलीच्या आईचें नांव तळाच्या दहाबारा पत्रिकांत आम्हांस कोठेंहि आढळलें नाहीं. 'चि. सौ. कां.' या तीन अक्षरचिन्हांत मुलीचें आयुष्य चिंतिलें आहे, तिच्या सौभाग्याची आकांक्षा सांगितली आहे. पण जिनें तिला जन्म दिला ती या वाक्यास नको आहे.

ही परंपराच आहे, असें यावर कोणी म्हणेल. तर मग परंपरेंतील अधिक जुनें उदाहरण पाहूं. भागवताच्या दशम स्कंधांत विदर्भाची राजकन्या रुक्मिणी श्रीकृष्णास सात श्लोकांचें पत्र पाठविते. त्या कथेवर एकनाथांनीं १५७१ सालीं 'रुक्मिणीस्वयंवर' रचलें, आणि लग्न जमावें म्हणून त्याचीं पारायणें करणाऱ्या मुली अजून महाराष्ट्रांत आहेत. तें पत्र काय आहे ? लग्नाच्या आदल्या दिवशीं यावें, अंबिकेच्या देवळापाशीं भेटावें, अशी वेळ आणि स्थळ सांगणारी ती एक निमंत्रणपत्रिकाच आहे. लिहिणारी स्वतः वधू. ज्यास लिहिलें तो एक. नेणारा विश्वासू ब्राह्मण. बोलणारी कोण आणि कोणाशीं बोलते, याविषयीं त्यांत तिळमात्र संदेह नाहीं. जी कथा लग्नासाठीं आपण वाचतों, तिच्यांतील पत्राची रीति मात्र लग्नाच्या पत्रिकेंत आपण पाळीत नाहीं. परंपरेच्या नांवानें आपण परंपरेंतलें निवडक तेवढेंच उचलतों, याचें हें एक उदाहरण होय.

आतां तारेच्या वरच्या टोंकाच्या, म्हणजे अलीकडच्या पत्रिका घ्या. कागद जाड व गुळगुळीत झाला, सोनेरी गणपति उठून दिसूं लागला. कोरीं चित्रमय कार्डें बाहेरून तयार येतात, आणि गांवचा छापखाना त्यांवर मजकूर तेवढा उठवितो. वाक्य आंखूड झालें, परंतु नांवें वाढलीं. निमंत्रक, स्वागतोत्सुक, संयोजक, व्यवस्थापक, 'समस्त परिवार', आशीर्वाद देणारे, प्रमुख उपस्थिति लावणारे ! आमदारांपासून सोसायटीच्या अध्यक्षांपर्यंत सर्व पदाधिकारी त्या कागदावर दाटीवाटीनें बसले आहेत. एका पत्रिकेंत आम्हीं नांवें मोजलीं. तीं शंभरावर भरलीं. त्यांत वधूवरांचीं नांवें शोधावीं लागलीं. या नांवांस हंसणें सोपें आहे. पण त्यांच्यामागें एक खरी भीति आहे, ती टीकाकारानें ओळखिली पाहिजे. लहान गांवांत नांव गळणें म्हणजे अपमान होय, आणि तो अपमान दहा वर्षें टिकतो. म्हणून पत्रिका हें निमंत्रण न राहतां हजेरीपट झाला आहे. आणि तळाशीं बाळगोपाळांच्या बोबड्या बोलींत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' अशी जी ओळ असते, ती साऱ्या पत्रिकेंतली एकच अशी ओळ आहे कीं जींत कोणी कोणाशीं तरी बोलत असल्याचा भास होतो. तीहि आतां इतकी सार्वत्रिक झाली आहे कीं तींतलें मूल बोलत नाहीं, छापखाना बोलतो.

दुसरा प्रश्न, कोणाशीं बोलतो, हा अधिक नाजूक आहे. इंग्रजी पत्रिकेंत यजमान तृतीय पुरुषांत बोलतो, पाहुण्याचें नांव घालण्यास कधीं कधीं मोकळी जागा सोडतो, आणि खालीं 'आर. एस. व्ही. पी.' हीं फ्रेंच आद्याक्षरें घालून उत्तर मागतो. कारण त्यास पानें मोजावयाचीं असतात. आमची पत्रिका उत्तर मागत नाहीं. 'सहकुटुंब सहपरिवार' या दोन शब्दांनीं ती मोजदादीचा प्रश्नच निकालांत काढते. यांत अव्यवस्था आहे, आणि औदार्यहि आहे. पूर्वीं न येणारा मनुष्य शुभेच्छांची तार करी. तारखात्यानें त्यासाठीं ठराविक वाक्यांस क्रमांक देऊन ठेविले होते. ती तारसेवा २०१३ सालीं बंद झाली.

पत्रिकेवांचूनहि लग्न होऊं शकतें, याचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. सोलापुरास संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत सम्मति कट्ट्यापाशीं अक्षतासोहळा होतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशीं कुंभारकन्येचा तो प्रतीकात्मक विवाह. त्यास लोकांचा लोट येतो, परंतु घरोघर कोणी पत्रिका पाठवीत नाहीं. जें सर्वांचें, त्यास निमंत्रण लागत नाहीं. निमंत्रण लागतें तें ज्या ठिकाणीं 'तुम्ही याच' असें एकेकास म्हणावयाचें असतें तेथें. म्हणजे निमंत्रणाचें मर्म पाहुण्याच्या नांवांत आहे. आणि तें नांव पत्रिकेच्या आंत नसतें, पाकिटावर असतें.

म्हणून आमचें असें मत झालें आहे कीं, लग्नपत्रिकेचें परीक्षण पाकिटापासून सुरू करावें. टपालखात्याच्या जुन्या नियमानें पाकिटाचें तोंड न चिकटवतां नुसतें आंत दुमडलें आणि आंत छापील मजकुराखेरीज खासगी पत्र नसलें, तर ती वस्तु बुक-पोस्टानें कमी दरांत जाई. या सवलतीची अट मोठी मार्मिक होती. आंत कांहीं खासगी लिहावयाचें नाहीं, म्हणूनच स्वस्त. तेव्हां यजमानानें पाहुण्यासाठीं म्हणून जें कांहीं स्वहस्तें लिहावयाचें तें सारें बाहेर, पत्त्याच्या तीनचार ओळींत. 'ती. स्व. अण्णा यांस', 'चि. अमुक यास अनेक आशीर्वाद', 'सौ. वहिनीसाहेब यांस सा. न.' अशा आरंभांतून नातें, वय, मान आणि जिव्हाळा पाकिटावर उमटे. एकाच नांवाचीं गांवें जिल्ह्याजिल्ह्यांत असतात, म्हणून तालुका लिहावा लागे. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनापासून त्यांत पिनकोडाची भर पडली. ही सहा आंकडी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपालखात्यांतील अधिकारी आणि संस्कृतांत लिहिणारे कवि. ४१३४०२ हे सहा आंकडे लिहिले कीं वैराग दुसऱ्या कोणत्याहि गांवाशीं मिसळत नाहीं. पत्त्याच्या रुक्ष ओळींत एका कवीचा हात आहे, ही गोष्ट आम्हांस नेहमीं आनंद देते.

पाकिटाच्या आधीं यादी. १७८३ सालीं पुण्यास सवाई माधवरावांचें लग्न झालें, तेव्हां नाना फडणिसांनीं व्यवस्थेच्या ज्या बारीक याद्या केल्या त्यांची ख्याति आजहि आहे. घरोघरच्या नानांचें काम त्याहून सोपें नसतें. वैरागास त्या चैत्रांतल्या संध्याकाळीं ज्वारीची सुगी आटपलेली होती, माणसें मोकळीं होतीं, आणि ओसरीवर सतरंजी घालून पांचसहाजण यादीस बसलीं. मुहूर्त दाते पंचांगावरून काढलेला. तें पंचांग सोलापूरचेंच. मागील लग्नाची वही उघडली. एकेक नांव वाचावयाचें. हे गेले, यांच्या मुलानें पुण्यास घर केलें, यांच्याशीं बांधावरून बोलणें नाहीं, तरी पत्रिका द्यावयाची, या आत्यांना कोणीं पाठवीतच नाहीं, यंदा पाठवूं. एका वहींत कुटुंबाचा सारा इतिहास, भांडणें आणि क्षमा, तपासून निघतो. आमच्या मतें लग्नाच्या लेखनांतील सर्वांत प्रामाणिक कृति ही वही होय, कारण तींत कोणासाठींहि देखावा नसतो. मग मुलें घड्या घालतात, सुवासिनी चार कोपऱ्यांस हळदकुंकवाचीं बोटें लावतात, पहिली पत्रिका गणपतीपुढें, दुसरी कुलदैवतास, तिसरी ग्रामदैवतास जाते, आणि मग टपालाचा गठ्ठा बांधला जातो.

आज बहुतेक पत्रिका भ्रमणध्वनीवरून जातात. एका बोटानें पांचशें घरीं. तिची निंदा आम्ही करणार नाहीं. परदेशीं असलेल्या भाच्यास ती त्याच क्षणीं मिळते, गरिबाचा खर्च वांचतो, आणि जवळच्या माणसास फोनवर बोलावणेंहि होतें. परंतु वाङ्मय म्हणून तिच्यांत एक मोठा दोष आहे. तिला पाकीट नाहीं. आंतला मजकूर तोच, परंतु ज्या एका ठिकाणीं पाहुण्याचें नांव येत होतें तें ठिकाणच नाहींसें झालें. 'नजरचुकीनें पत्रिका न मिळाल्यास हेंच निमंत्रण समजावें' ही जी ओळ पूर्वीं क्षमायाचना म्हणून तळाशीं येई, तीच आतां साऱ्या निमंत्रणाचें स्वरूप होऊन बसली आहे.

आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो सांगितला पाहिजे. आमच्या हातीं जो मजकूर तपासण्यास आला, तो आम्हीं बारकाईनें तपासला. 'आशिर्वाद' असें होतें तें 'आशीर्वाद' केलें. 'शुभार्शिवाद' हा लोकप्रिय अपशब्द काढला. मितीची तिथि पंचांगाशीं ताडून पाहिली. चार चुका काढल्याचें समाधान मानून कागद छापखान्यांत पाठविला. निमंत्रक म्हणून वडील चुलतबंधूंचें नांव होतें. मुलीच्या नांवापुढें 'कै.' लावून वडिलांचें नांव होतें. पत्रिका छापून आल्या, गठ्ठा सुटला, आणि मुलगी एक पत्रिका हातीं धरून आमच्यापाशीं आली. ती रागावली नव्हती. ती म्हणाली, "काका, शुद्धलेखन सगळें तपासलेंत, पण यांत आई कुठें आहे?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वहिनींनीं बारा वर्षें एकट्यानें शेत पाहिलें, मुलीस पदवीपर्यंत शिकविलें, स्थळ त्यांनींच पाहिलें. लग्नाचें कर्ज त्यांच्याच नांवें. ज्यानें 'योजिलें' तो कर्ता कोण, असें विचारावयाचें तर त्याच कर्त्या होत्या. आणि तळाच्या जुन्या पत्रिकांत आईचें नांव नाहीं अशी नोंद करणाऱ्या आम्हांस समोरच्या कागदांत तें नाहीं हें दिसलें नाहीं. ऱ्हस्वदीर्घ पाहणारी दृष्टि आणि माणूस पाहणारी दृष्टि एकच नसते, हें आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितलें आहे. त्या दिवशीं तें शिकलों.

पुन्हा छापण्यास वेळ नव्हता, आणि वहिनींनीं तें होऊंहि दिलें नाहीं. "राहूं द्या भाऊजी, पैसे जातील," एवढेंच त्या म्हणाल्या. गांवांत व नात्यांत वहिनींचें अक्षर सर्वांत चांगलें, म्हणून पत्ते लिहिण्याचें काम दरवेळीं त्यांच्याकडे असतें. याहि वेळीं होतें. मुलगी त्यांच्यापाशीं बसली आणि म्हणाली, "आई, पाकिटावर पाठविणाराचें नांव लागतें ना ? मग तुझें लिही." वहिनी थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनीं डाव्या कोपऱ्यांत 'प्रेषक' लिहून त्यापुढें स्वतःचें संपूर्ण नांव लिहिलें. आणि टपालानें जावयाच्या प्रत्येक पाकिटावर, चारशेंच्या वर, लिहिलें. वडील बंधूंनीं तें पाहिलें; ते कांहीं बोलले नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं तो गठ्ठा त्यांनींच टपालकचेरींत पोंचविला. हळदकुंकवाचीं बोटें मात्र शेजारच्या सुवासिनींनींच लावलीं. वहिनी त्या ताटापाशीं आल्या नाहींत. तेथें कांहीं बदललें नाहीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें विधवांच्या वांट्यास येणाऱ्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांनीं तो कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या सरकारी कागदांत स्वतःच्या नांवापुढें आईचें, मग वडिलांचें, अशा क्रमानें नांव लिहिण्याचा निर्णयहि राज्यानें घेतला आहे. ज्या आईचें नांव जन्माच्या दाखल्यावर आलें, तिचें नांव लग्नाच्या पत्रिकेवर येण्यास कोणत्या परिपत्रकाची वाट पाहावयाची ? पत्रिका सरकारी कागद नव्हे; तिचा मजकूर आपल्याच ओसरीवर ठरतो.

आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. मजकूर जुन्या पत्रिकेइतका आंखूड असावा. नांवांचा दरबार भरवूं नये. निमंत्रक म्हणून ज्यानें खरोखर कार्य योजिलें त्याचें किंवा तिचें नांव असावें, मग ती विधवा कां असेना. आणि पाठविण्याचें साधन कोणतेंहि असो, पाहुण्याचें नांव आपल्या हातानें एकदां लिहावें. भ्रमणध्वनीवरहि तीन शब्द आधीं लिहितां येतात. वैरागहून निघालेलीं तीं पाकिटें कोणाकोणाच्या घरीं पोंचलीं, आणि किती जणांनीं डावा कोपरा वाचला, हें आम्हांस ठाऊक नाहीं. लग्नास आलेल्या एका वृद्ध आत्याबाईंनीं मात्र पाकीट पिशवींतून काढून वहिनींस दाखविलें आणि म्हणाल्या, "तुझें नांव बघून आलें गं." पुढच्या खेपेस कोणीं पत्रिका तपासण्यास आणली, तर आम्ही ऱ्हस्वदीर्घ मागाहून पाहूं, आधीं आई कोठें आहे तें पाहूं.